पहारेकऱ्याचं वजन

"कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस शिरला असेल."

ज्या घरात हॉलच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली एक डेस्कटॉप असायचा, त्या घरात हे वाक्य हमखास बोललं गेलं आहे. काही दिवसांनी त्याच घरात दुसरं वाक्य ऐकू यायचं: "अँटिव्हायरस टाकला आणि कॉम्प्युटर अजूनच स्लो झाला." दोन्ही वाक्यं खरी होती. रोग आणि औषध, दोघांचंही लक्षण एकच, असं का झालं याची गोष्ट मजेशीर आहे. आणि ती तुमच्या कामाचीही आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर वाचत असाल. फोनवर अँटिव्हायरसचा विचार तुम्ही फारसा करत नाही, आणि त्याला कारण आहे. त्याकडे पुढे येऊच. पण घरी आईबाबांचा एक जुना लॅपटॉप असतो. त्यात बँकेची कामं, धाकट्या भावंडाचे प्रोजेक्ट आणि पंधरा वर्षांचे फोटो असतात. तो रखडायला लागला की हाक तुम्हालाच येते: "तुला कळतं ना यातलं, बघ जरा." आमच्या नातेवाइकांत ही हाक बरीच वर्षं मला येते. प्रश्नही ठरलेला असतो: मशीन स्लो न करणारा अँटिव्हायरस कोणता?

याचं उत्तर एका नावात देता येतं, पण ते सहा महिन्यांत शिळं होतं. हा प्रश्न पडतोच का, हे कळलं तर उत्तर दरवेळी आपलं आपल्याला शोधता येतं.

मंदपणा हेच लक्षण

जानेवारी १९८६. लाहोरमध्ये कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुढे तो 'ब्रेन' या नावानं ओळखला गेला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. त्यात या भावांनी चक्क स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. आपलं सॉफ्टवेअर चोरून कॉपी करणाऱ्यांना धडा मिळावा, एवढाच आपला हेतू होता, असं ते सांगत आले. ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत जाऊन बसायचा. तो फायली पुसत नव्हता. पण फ्लॉपीचा वेग मंदावायचा आणि सात किलोबाइट मेमरी गिळली जायची.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, 'जेरुसलेम' व्हायरस सापडला. हा जास्त खोडसाळ होता. १३ तारीख शुक्रवारी आली, की त्या दिवशी तुम्ही जो प्रोग्राम चालवाल तो पुसून टाकायचा. पण शुक्रवारची वाट बघायच्या आधीच तो ओळखू यायचा, कारण मेमरीत शिरल्यावर साधारण अर्ध्या तासानं तो मशीनचा वेग पाडायचा. शिवाय लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे तो एकाच फाइलला पुन्हा पुन्हा चिकटायचा आणि फाइल फुगत जायची.

तेव्हा "स्लो झालाय म्हणजे व्हायरस" ही घरगुती समजूत काही अंधश्रद्धा नव्हती. पहिल्या पिढीच्या व्हायरसनी ती स्वतःच शिकवली. पुढे व्हायरस लिहिणारे शहाणे झाले. आपण दिसलो नाही तरच टिकू, हे त्यांना कळलं. रोग गुपचूप राहायला शिकला आणि मंदपणाचं लक्षण हळूहळू औषधाकडे सरकलं.

चोराचा फोटो, चोराचा वेश

सुरुवातीचे अँटिव्हायरस साधे होते. १९८७ च्या सुमारास जगात अनेक ठिकाणी लोक एकाच वेळी या कामाला लागले. अमेरिकेत जॉन मॅकॅफी, जर्मनीत अटारीच्या कॉम्प्युटरसाठी जी डेटा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात पीटर पाश्को आणि मिरोस्लाव्ह त्र्नका. या शेवटच्या दोघांनी आपल्या प्रोग्रामला 'नॉड' हे नाव दिलं. त्या काळी तिथे गाजलेल्या हॉस्पिटलच्या एका टीव्ही मालिकेच्या नावावरची ती कोटी होती: 'डिस्कच्या कडेचं हॉस्पिटल'.

पद्धत सगळ्यांची साधारण एकच. पकडलेल्या व्हायरसमधला एखादा ओळखीचा तुकडा टिपून ठेवायचा. याला म्हणतात सिग्नेचर. मग प्रत्येक फाइल उघडून त्यात तो तुकडा आहे का, ते बघायचं. सोसायटीच्या वॉचमनकडे चोरांचे फोटो द्यावेत आणि रात्री एक फेरी मारायला सांगावं, तसं. फेरी चालू असेपर्यंत थांबायचं, मग आपलं काम सुरू. यात मशीन कायमचं स्लो होण्याचा प्रश्नच नव्हता.

पण फेरी संपल्यावर चोर आला तर? म्हणून वॉचमनला गेटवर बसवावं लागलं. डॉसच्या काळात यासाठी मेमरीत ठाण मांडून बसणारे छोटे प्रोग्राम आले. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एमएस-डॉस ६ सोबत अँटिव्हायरस दिला. तो दुसऱ्या कंपनीकडून घेतलेला होता आणि त्यातही असा एक पहारेकरी होता. त्या वेळी प्रोग्रामना वापरायला मिळणारी मेमरी होती ६४० किलोबाइट. आज फोनवर काढलेला एक फोटो यापेक्षा मोठा असतो. त्या खोलीत वॉचमनची खुर्ची टाकली की घरच्यांना बसायला जागा कमी. मोठा गेम चालवायचा तर आधी पहारेकऱ्याला घरी पाठवावं लागे. "जड वाटतो म्हणून बंद करून टाकला" या सवयीची सुरुवात इथली आहे.

त्यात चोर वेश बदलायला लागले. १९९० पासून असे व्हायरस येऊ लागले, जे प्रत्येक नव्या फाइलमध्ये शिरताना स्वतःचं रूप बदलत. फोटो कुठलाच जुळेना. मग अँटिव्हायरसनी नवी युक्ती काढली: संशयित प्रोग्राम आधी एका बंद खोलीत, खोट्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ चालवून बघायचा आणि त्यानं मुखवटा काढला की पकडायचं. युक्ती उत्तम होती, पण फोटो बघायला लागतो क्षण आणि नाटक बघायला लागतो वेळ.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ मध्ये फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्यानं व्हायरसचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. 'व्हायरस' हे नाव त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी सुचवलं. कोहेननं पुढे गणितानं दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिणं शक्य नाही. याचा आपल्यासाठी अर्थ असा: तपासणी कधीच पूर्ण होत नाही. कुठेतरी थांबून "बास, ठीक दिसतोय" म्हणावंच लागतं. लवकर थांबलात तर वेग मिळतो, उशिरा थांबलात तर खात्री वाढते. प्रत्येक अँटिव्हायरस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसलेला असतो. शून्य वजनाचा आणि शंभर टक्के पकडणारा पहारेकरी विकायला येऊच शकत नाही.

पुण्यातलं दुरुस्तीचं दुकान

आपल्याकडे ही गोष्ट रिपेअरिंगच्या टेबलावरून सुरू होते. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या काटकर कुटुंबातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचं दुकान टाकलं आणि दुरुस्ती कॉम्प्युटरपर्यंत पोचली. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनं भरलेली असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते. त्यांनी ते व्हायरस काढायचे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' विक्रीला आला. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात गेली. त्याआधी, १९९१ पासून, चेन्नईत 'के७' होतं.

या उगमाला एक अर्थ आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत अँटिव्हायरस निवडून विकत घेतला जात नसे. असेंबल केलेल्या मशीनसोबत दुकानदार तो टाकून देई आणि वर्षानं त्याचाच माणूस येऊन नवी की टाकून जाई. घराघरांतली मशीनही जुनी, मेमरी कमी, हार्ड डिस्क संथ. परदेशातल्या नव्याकोऱ्या पीसीवर जो पहारेकरी जाणवतही नसे, तो आपल्याकडे मानगुटीवर बसल्यासारखा वाटे.

याचं कारण समजून घ्या. गेटवरचा पहारा म्हणजे विंडोजमध्ये कुठलीही फाइल उघडली की आधी अँटिव्हायरसला विचारणं: "जाऊ देऊ का?" आपण एक प्रोग्राम उघडतो, तेव्हा आतून शेकडो फायली उघडतात. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई एका जागेवरून दुसरीकडे जायला वेळ घेते. अशा विखुरलेल्या जागा ती सेकंदाला शंभरेकच वाचू शकते. एसएसडी तेच काम हजारोंच्या पटीत करते. म्हणजे "हा अँटिव्हायरस फार जड आहे" या तक्रारीत निम्मा दोष अनेकदा जुन्या हार्ड डिस्कचा असतो.

पहारेकऱ्याचं बिऱ्हाड

२६ एप्रिल १९९९ ला 'सीआयएच' व्हायरसनं दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि इतर अनेक देशांत मशीन निकामी केली. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला हा व्हायरस फाइलमधल्या रिकाम्या जागांत लपायचा, त्यामुळे फाइल फुगत नसे. ठरलेल्या दिवशी तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही मशीनचा बायोसही खराब करायचा. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' ईमेलमधून जगभर गेला. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' आला. त्यासाठी तर ईमेल उघडायचीही गरज नव्हती, मशीन इंटरनेटला जोडलेलं असणं पुरेसं होतं.

लोक घाबरले आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला कंपन्यांनी जास्त माल विकला. अँटिव्हायरसचा 'सिक्युरिटी सूट' झाला: फायरवॉल, ईमेल तपासणी, मुलांवर नजर, पासवर्डची वही, मशीन 'क्लीन' करणारं बटण. वॉचमन बिऱ्हाड घेऊनच राहायला आला. नाकापेक्षा मोती जड, अशी गत झाली. घरोघरी तो बंद करून ठेवायची पद्धत पडली. त्याच सुमारास पेनड्राइव्ह आले. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांतून प्रिंटसोबत ऑटोरनचे व्हायरस घरी येऊ लागले. पहारा बंद असलेल्या घरात त्यांना मोकळं रान मिळालं. वजनाचा खरा धोका हाच: जड पहारेकरी नुसता त्रास देत नाही, तर माणसं त्यालाच हाकलून देतात.

कंपन्यांनाही हे कळलं. २००८ मध्ये सिमँटेकनं 'नॉर्टन २००९' आणला, तेव्हा जाहिरातीचा मुख्य मुद्दा सुरक्षेइतकाच वेग होता. त्यातली कल्पना अशी, की जगभर लाखो मशीनवर असलेली ओळखीची फाइल पुन्हा पुन्हा कशाला तपासायची? रोज येणाऱ्या दूधवाल्याची सही वॉचमन दरवेळी घेत नाही, तसं. २००९ मध्ये पांडा या स्पॅनिश कंपनीनं सगळा भार 'क्लाउड'वर नेणारा अँटिव्हायरस आणला. चोरांचे फोटो तुमच्या मशीनवर न ठेवता कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि तिथे विचारायचं. आजचे बहुतेक अँटिव्हायरस या दोन्ही युक्त्या वापरतात, म्हणूनच ते पूर्वीपेक्षा हलके वाटतात.

पण वजन नाहीसं झालं नाही, त्याची जागा बदलली. सर्व्हरला विचारायचं म्हणजे आपल्या मशीनवर काय चाललंय ते सर्व्हरला कळणं आलं. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं, की 'अवास्ट' या लोकप्रिय फुकट अँटिव्हायरसनं जमवलेली ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती त्याची उपकंपनी विकत होती. ती उपकंपनी बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. हलका आणि फुकट पहारेकरी मिळाला की त्याचा पगार कोण देतंय, हे विचारावं ते यासाठी.

दार नीट केलं तर

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अँटिव्हायरसबद्दल नाहीच. पेनड्राइव्हचे ऑटोरन व्हायरस कसे आटोक्यात आले? पहारेकरी हुशार झाले, हे एक कारण. पण मोठं कारण असं, की पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ मध्ये काढून टाकली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला. दारच बंद केलं आणि मशीनचा वेग एका कणानंही कमी झाला नाही.

मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' याचीच उलटी बाजू दाखवतो. त्यानं ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांपर्यंत मजल मारली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्च महिन्यात, म्हणजे दोन महिने आधीच आला होता. ज्यांनी तो टाकला होता, त्यांच्याकडे त्या फटीतून येणारा रस्ता बंद होता.

तुमच्या फोनचं गुपितही हेच. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप स्वतःच्या खोलीत राहतं. परवानगीशिवाय शेजारच्या खोलीत जाता येत नाही, म्हणून गेटवर सतत झडती घ्यावी लागत नाही. फोनवरचा चोर त्यामुळे तुम्हालाच दार उघडायला लावतो: व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावानं एपीके फाइल पाठवतो आणि परवानग्या मागतो.

मग निवडायचं कसं?

मागे मावशीच्या लॅपटॉपवर मला दोन अँटिव्हायरस सापडले. एक लॅपटॉपसोबतच ट्रायल म्हणून आलेला, दुसरा दुकानातून टाकून दिलेला. दुप्पट सुरक्षा, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात एकानं फाइल उघडली की दुसरा तिची झडती घेई. एका म्यानात दोन तलवारी. एक पूर्ण काढला, मशीन रीस्टार्ट केलं आणि मावशीनं विचारलं, "मेमरी वाढवलीस का रे?"

पहिला नियम हाच: पहारेकरी एकच. नको असलेला नीट अनइन्स्टॉल करा. बऱ्याच कंपन्या त्यासाठी वेगळं टूल देतात.

दुसरा: जो आधीच गेटवर बसलाय त्याच्यापासून सुरुवात करा. मायक्रोसॉफ्टनं २००३ मध्ये रुमानियातल्या एका कंपनीचं अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतलं, २००९ मध्ये फुकट 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' दिलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' विंडोजचाच भाग केला. वेगाच्या चाचण्यांत तो नेहमी पहिल्या रांगेत असतो असं नाही. फायली कॉपी करताना किंवा नवा प्रोग्राम टाकताना तो जाणवू शकतो. पण त्याच्या जाहिराती नाहीत, वर्षाची की नाही, सोबत बिऱ्हाड नाही. घरच्या साध्या वापराला तो पुरतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. पण त्या दुसऱ्याची मुदत संपून तो अर्धवट पडून राहिलेला नाही ना, हे 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन बघा.

तिसरा: विकतचा घ्यायचाच असेल, तर दुकानदाराच्या शब्दाऐवजी चाचण्या बघा. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्था फायली कॉपी करणं, प्रोग्राम उघडणं, वेबसाइट उघडणं अशा रोजच्या कामांवर अँटिव्हायरसचा किती परिणाम होतो, ते नियमित मोजते. जर्मनीतली एव्ही-टेस्ट सुरक्षा, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी सहापैकी गुण देते. वेगात पहिला पण पकडण्यात कच्चा असेल तर त्याचा उपयोग नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. मग ट्रायल टाकून स्वतः मोजा: मशीन सुरू व्हायला किती वेळ, फोटोंचा एक फोल्डर कॉपी व्हायला किती, ब्राउझर उघडायला किती. टाकण्याआधी आणि नंतर. फोनमधला स्टॉपवॉच पुरेसा आहे. क्रॅक केलेला अँटिव्हायरस मात्र कधीच नको. तो म्हणजे चोरालाच वॉचमनचा गणवेश देणं.

चौथा: पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता येते का ते विचारा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये येते. पूर्ण स्कॅनची वेळ दुपारच्या जेवणाची ठेवा. आणि विंडोजचे अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या घराच्या भिंतीची डागडुजी बंद झाली, तिथे महागडा वॉचमन ठेवून फार काही साधत नाही.

एवढं करूनही कोहेनचं गणित उरतंच. काहीतरी निसटू शकतं. शिवाय पहारेकऱ्याचीही चूक होते. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस समजून अडवली आणि असंख्य मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली, विमानतळांवर रांगा लागल्या. दारातच बसलेला माणूस चुकला, की घरचेही आत जाऊ शकत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी "बघ जरा" अशी हाक आली, की अँटिव्हायरसच्या आधी एक काम करा. त्या लॅपटॉपमधले फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. विंडोज पुन्हा टाकता येतं, अँटिव्हायरस बदलता येतो. आजीचे ते फोटो पुन्हा काढता येणार नाहीत.